राजाजीनगरचे मूलव्याधी डॉक्टर

त्यांच्या दवाखान्यात ‘तिकडे’ हा शब्द चालत नसे. पेशंट खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकून, मान खाली घालून पुटपुटे, “डॉक्टर, जरा तिकडे त्रास आहे.” की डॉक्टर चष्मा काढत आणि खिडकीबाहेर बघत.

“तिकडे म्हणजे कुठे? यशवंतपूरला?”

“नाही, म्हणजे... खाली.”

“खाली माझी बायको राहते. तिला काही त्रास नाही. आत्ताच उप्पीट करत होती.”

पेशंट घामाघूम होई. हे थांबून राहत. बाहेर दहा माणसं खोळंबलेली असोत, यांना घाई नसे. शेवटी तो बिचारा कसाबसा म्हणे, “गुदद्वाराला.” तेव्हा हे टेबलावर थाप मारत. “सरी! आता आपण दोघं बोलू शकतो.”

मला सुरुवातीला हा छळ वाटला होता. एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, “ज्याला नाव घेता येत नाही, तो रक्तसुद्धा निम्मंच सांगतो. उरलेलं निम्मं मी कुठून आणू?”

राजाजीनगरातल्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली ते दोघं राहत, वर सहा खाटांचा दवाखाना. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. घरात मराठी, पण कन्नडातलं ‘स्वल्प’, म्हणजे जरा, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, यांच्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे. सरकारी इस्पितळातली नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली होती आणि बाकीच्या सगळ्या शस्त्रक्रिया टाकून फक्त या दोन इंचांचं काम हाती घेतलं होतं. मूळव्याधीला कन्नडात मूलव्याधी म्हणतात. रिक्षावाल्यांना ‘मूलव्याधी डॉक्टर’ एवढं सांगितलं की पुरे. मात्र रिक्षावाला मागे वळून तुमच्याकडे एकदा बघून घेई.

दवाखान्याच्या पाटीवर हातभर अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. मूळव्याध, फिशर, भगंदर, गळू. गल्लीतले चार प्रतिष्ठित एकदा भेटायला आले. म्हणाले, मुलींना बघायला पाहुणे येतात, आधी ही पाटी वाचतात, अक्षरं जरा लहान करा. डॉक्टरांनी सगळ्यांना कॉफी पाजली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर आणखी एक दिवा लावला.

ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला घरी जाताना एक लाल प्लास्टिकचा टब मिळे. कोमट पाण्यात दिवसातून तीनदा बसायचं. पण अट अशी की टब नेताना तो कागदात गुंडाळायचा नाही, पिशवीत लपवायचा नाही. “हात मोडला तर प्लास्टर झाकता काय?” त्यामुळे आमच्या भागातल्या बसमध्ये लाल टब काखेत मारलेला माणूस दिसला की लोक आदराने वाट देत. बसायची जागा मात्र कुणी देत नसे. सगळ्यांनाच समजलेलं असे.

हे सगळं मी आज प्रेमाने लिहिते आहे. पण आमची ओळख भांडणातून झाली, आणि चूक माझी होती.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, छापखाना होता. एका शेडमध्ये पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस. कामगार संघटनांची पत्रकं तिथे छापली जात. मी अक्षरं शिकले ती शाळेच्या पाटीवर नाही, शिशाच्या खिळ्यांवर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. बोलणं बहुतेक छापील असे. अण्णा म्हणत, “तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. जुळवलेलं राहतं.” बाविसाव्या वर्षी माझी खात्री होती की जगात जे जे वाईट आहे ते एका चांगल्या पत्रकाने हलवता येतं.

तेव्हा बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये दर मंगळवारी एक वैद्य येऊन बसे. तो वैद्यही नव्हता हे नंतर कळलं. तो पत्रक छापून घ्यायला आला. त्याने आणलेल्या चार ओळी मेंगळट होत्या, म्हणून मी त्या पुन्हा लिहिल्या. कन्नडात लिहिलं होतं, पण आजही पाठ आहे. “बंधूंनो! कापाकापी नाही, भूल नाही, इस्पितळाची लूट नाही! ज्यांना तुमच्या दुखण्यावर बंगले बांधायचे आहेत त्यांच्या सुरीला नकार द्या! एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट!” लिहिताना माझे कान तापले होते. मला वाटलं, मी शोषणाविरुद्ध लिहिते आहे. अण्णांनी ते स्वतः जुळवलं आणि म्हणाले, “धार आहे.”

दोन-तीन आठवड्यांनी एक बुटके, किंचित बाकदार पायांचे गृहस्थ सायकल शेडच्या दाराला लावून आत आले. पँटचा एक पाय चिमट्याने आवळलेला. हातात ते पत्रक.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” मी मान वर करून म्हणाले.

“उत्तम लिहिलंय. वाचल्यावर मलाच वाटलं, आपण माझ्याकडे जाऊ नये.” त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली. “उद्या सकाळी दहाला दवाखान्यात या, लेखिकाबाई. तुमचा एक वाचक भेटवतो.”

मी तावातावाने गेले. ते मला एका खाटेपाशी घेऊन गेले. बस चालवणारा एक धिप्पाड माणूस पालथा पडला होता. लॉजमधल्या इंजेक्शनाने त्याचं मांस जळलं होतं, आत पू झाला होता. डॉक्टरांनी मला जखम दाखवली नाही. फक्त त्याच्या चेहऱ्यासमोर स्टूल ठेवलं आणि म्हणाले, “यांनी लिहिलंय ते.”

तो माणूस चिडला नाही. क्षीण आवाजात म्हणाला, “अक्का, फार चांगलं लिहिलं होतं हो. मी खिशात ठेवला होता कागद.”

त्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की त्या वैद्याचं काम पुन्हा घ्यायचं नाही. अण्णांनी मान हलवली. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण मला वाटलं, पस्तावले असतील.

त्यानंतर मी दवाखान्यात जातच राहिले. मला प्रायश्चित्त म्हणून खरं पत्रक लिहायचं होतं. डॉक्टर मला सगळं सांगत, पण पत्रकाचं नाव काढलं की ठाम नकार.

“कागदाला बोट नसतं,” ते म्हणत. “रक्त दिसलं की आपली माणसं स्वतःच मूळव्याध ठरवतात. त्यातल्या एखाद्याला आत कॅन्सर असतो. बोट घालून, नळीतून बघितल्याशिवाय कळत नाही. तुमचा कागद बघणार आहे काय आत?”

शिकवण्याची त्यांची पद्धत मात्र मजेची होती. मूळव्याध म्हणजे पाहुणा, असं ते सांगत. पहिला पाहुणा घरातच राहतो, नुसतं रक्त दाखवतो. दुसरा दाराबाहेर येतो आणि आपला आपण आत जातो. तिसऱ्याला ढकलून आत घालावं लागतं. चौथा बाहेरच मुक्काम ठोकतो. “पहिल्या दोघांसाठी सुरी काढणारा सर्जन गाढव. त्यांना पाणी, भाजी, नाचणी. नाही ऐकलं तर इंजेक्शन, नाहीतर मुळाशी छोटं रबर बँड. रक्त थांबलं की कोंब सुकून गळतो. तिसऱ्यालाही कधीकधी बँड पुरतं. चौथ्याला मात्र कापायचं. आणि कापल्यावर आठ-पंधरा दिवस दुखणार, हे आधी सांगायचं. न सांगणारा चोर.”

“म्हणजे इंजेक्शन खरंच असतं?” मी विचारलं होतं.

“असतं की. योग्य औषध, योग्य जागी, योग्य माणसाला. तुमच्या लॉजवाल्याकडे यातलं काय होतं?”

भगंदराला ते उंदराचं बीळ म्हणत. बीळ उथळ असलं तर ते उघडून टाकत. खोल असलं, स्नायूतून जात असलं, तर पेशंटला मल्लेश्वरमच्या एका आयुर्वेदिक डॉक्टरांकडे पाठवत. ते औषधी दोरा बांधून महिनोन्महिने थोडं थोडं कापत नेत. यावरून दुसरे सर्जन यांना हसत. “धागा तो माझ्यापेक्षा चांगला बांधतो,” हे म्हणत. “मग काय करू? पेशंट बिघडवू, पण माझ्याकडेच ठेवू?”

आणि एकदा, कुणी न विचारता, म्हणाले होते, “फिशरसाठी, म्हणजे तिथल्या चिरेसाठी, पूर्वी आम्ही भूल देऊन बोटांनी ताणायचो. जोर लावून. बरी व्हायची माणसं. पण काहींचा स्नायू फाटायचा, मग वारा राहत नसे, मळ राहत नसे. मी केलंय ते. एक बाई देवळात जायची बंद झाली. मी नोकरी सोडली ती त्यानंतर.” मग सिस्टरला हाक मारून त्यांनी कॉफी मागवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

असे पाच-सहा महिने गेले. मी दुसऱ्यांच्या दुखण्यात इतकी गुंतले होते की घरचं मला दिसलं नाही. अण्णांचं जेवण कमी झालं होतं. आधी दोन भाकऱ्या, मग एक, मग अर्धी. “भूक नाही,” म्हणत. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. खिळे जुळवताना ते नेहमी उभेच असत, म्हणून ते बसतच नाहीत हेही लक्षात आलं नाही. एका सकाळी संडासाच्या दाराआडून मला आवाज आला. कारखान्यांच्या गेटवर घोषणा देणारा माझा बाप दात आवळून रडत होता.

ते बाहेर आल्यावर मी वाट अडवून उभी राहिले. मी खोदून खोदून विचारल्यावर ते खाली बघत तुटक तुटक त्रास सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, “मी दोनदा गेलो होतो. लॉजवर.”

“अण्णा! ते मी लिहिलेलं होतं!”

“म्हणून तर गेलो,” ते म्हणाले.

त्यांचा तर्क सरळ होता. आयुष्यभर त्यांनी जे हाताने जुळवलं ते खरं मानलं होतं. संप, मजुरी, हक्क. एकेक खिळा उचलून ज्याची ओळ लावली ते खोटं कसं असेल, हा विचार त्यांच्या मनात शिरलाच नव्हता. आणि आता, फसल्यानंतर, ते कुणालाच काही दाखवायला तयार नव्हते. “मरेन पण पुन्हा कुणापुढे पालथा पडणार नाही.” ते खरंच मरत होते, थोडे थोडे, रोज अर्ध्या भाकरीने.

मी धावत दवाखान्यात गेले. डॉक्टर एक नळी पुसत बसले होते. “अण्णांना तपासा,” मी म्हणाले.

“पेशंट कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“ते येत नाहीत. मी सांगते ना.”

“ज्याचं त्यानं बोलायचं. नियम माहीत आहे तुम्हाला.”

मी उसळले. जे तोंडाला आलं ते बोलले. तुमचे नियम घाला चुलीत, म्हटलं, माणूस वाळत चाललाय. रक्त, ठणका, बाहेर लागणारा कोंब, ती दोन इंजेक्शनं, सोडलेलं जेवण, सगळं भडाभडा सांगून टाकलं. ते नळी पुसतच राहिले. गुणगुणतही होते बहुतेक. मी दार आपटून निघाले. इतक्या कोरड्या माणसाला आपण देव कसं मानलं, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सायकल आमच्या शेडच्या दाराला लागली.

“छापायचं आहे,” डॉक्टर म्हणाले आणि हाताने लिहिलेला कागद अण्णांपुढे धरला. मी थक्क झाले. सहा महिने पत्रकाला नाही म्हणणारा माणूस! “तुम्हीच जुळवा. लेखिकाबाईंच्या हातात दिलं की त्या मसाला घालतात.”

कागद मराठीत होता, आमच्या घरच्या भाषेत. लग्नपत्रिकांसाठी आम्ही मराठी खिळ्यांची एकच केस ठेवली होती. बसस्टँडवर मराठी पत्रक कोण वाचणार, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. अण्णांनी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली. डॉक्टर कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. मी मागून वाचत होते.

‘शौचाच्या वेळी काच फिरावी तसं दुखतं. नंतर दोन-दोन तास ठणकतं. ताज्या रक्ताचे थेंब पडतात. बाहेर एक लहानसा कोंब हाताला लागतो, म्हणून माणूस त्याला मूळव्याध समजतो. ती मूळव्याध नसते. आत चीर पडलेली असते, आणि तिच्या टोकाशी वाढलेली कातडी म्हणजे हा कोंब. त्यात कुणी इंजेक्शन दिलं तर ठणका दुप्पट होतो. मग शौचाच्या भीतीने माणूस जेवण सोडतो. जेवण सोडल्याने खडा धरतो. खड्याने चीर रोज नव्याने उलते.’

अण्णांचा हात सरावाने चालत होता. ‘जेवण सोडतो’पाशी तो थांबला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, स्टिकमधल्या उलट्या अक्षरांत. मग वरच्या सगळ्या ओळी वाचल्या.

“डॉक्टर, हे कुणाबद्दल आहे?”

“मी कुणाचं नाव घालत नाही.”

“खाली उपाय लिहिलेला नाही.”

“उपाय मी कागदावर देत नाही.”

अण्णांनी स्टिक हळूच केसवर ठेवली. तोंड खिळ्यांकडेच होतं. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि शर्टातून वर आलेली खांद्याची हाडं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “माझ्या गुदद्वाराला आठ महिने असंच होतंय.”

“सरी,” डॉक्टर म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लेखिकाबाई, स्वल्प बाहेर जाऊन उभ्या राहा. हे आता आमचं दोघांचं आहे.”

ते पत्रक पुढे छापलं गेलं नाही. अण्णांनी जुळणी सोडून एकेक खिळा परत केसमधल्या आपापल्या घरात टाकला.

दुखण्यामुळे भूल दिल्याशिवाय तपासता येईना, म्हणून कमरेत भूल देऊन डॉक्टरांनी आधी सगळं नीट पाहून घेतलं आणि दुसरं काही नाही याची खात्री केली. चीर जुनी, कडा घट्ट झालेल्या. आतला स्नायू सारखा आवळलेला, त्यामुळे ती भरून येत नव्हती. त्या स्नायूला बाजूने एक बारीक छेद दिला की तो सैल पडतो. काम काही मिनिटांचं. आदल्या दिवशी त्यांनी अण्णांना सगळं समजावलं होतं आणि हेही सांगितलं होतं की क्वचित कुणाला नंतर वारा रोखायला अडचण होते.

अण्णा गंभीर झाले. “म्हणजे सभेत पंचाईत.”

“सभेत तुम्ही एवढे ओरडता,” डॉक्टर म्हणाले, “कुणाला ऐकू जाणार?”

आठ महिन्यांत अण्णा पहिल्यांदा हसले, आणि हसताना दुखलं म्हणून कण्हले.

ऑपरेशननंतरची दुसरी सकाळ. ती मला बाकी सगळ्यापेक्षा स्वच्छ आठवते. अण्णांना शौचाला जायचं होतं आणि ते जात नव्हते. खाटेची दांडी धरून उभे होते. सिस्टरने समजावलं, मी समजावलं. डॉक्टर आले, व्हरांड्यातली एक खुर्ची उचलली, संडासाच्या दाराबाहेर मांडली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. “जा. मी इथे आहे.”

अण्णा आत गेले. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.

“डॉक्टर?” आतून हाक आली.

“इथेच आहे. दात आवळू नका. श्वास सोडा. घाई नाही, अजून अर्धं पान वाचायचंय.”

मी व्हरांड्याच्या टोकाला उभी होते. पत्रकातल्या आपल्या वाक्यांची लाज वाटत होती, आणि डॉक्टरांच्या पाठीकडे बघून धीरही येत होता. मग पाण्याचा आवाज झाला. दार उघडलं. अण्णा चौकटीला हात लावून उभे राहिले, डोळे मिटून, पुढचं यायची वाट बघत. रोज ते यायचं. दोन-दोन तास यायचं. डॉक्टरांनीही वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. पाच मिनिटं गेली. मग दहा.

अण्णांनी डोळे उघडले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. “अहो, अजून ठणका आला नाही.”

“हवाय का?”

“नको, नको.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला भूक लागलीय गं.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मी जेवढ्या इडल्या हातात मावल्या तेवढ्या, सांबार आणि चटणीचा डबा घेऊन आले. अण्णा उशीवर एका अंगाला कलून बसले आणि खायला लागले. आधी भीत भीत, मग मोठे मोठे घास. सांबार हनुवटीवरून ओघळलं तरी पुसायला थांबले नाहीत. दुसरे पेशंट वाट बघत होते, सिस्टर दोनदा बोलवून गेली, पण डॉक्टर खाटेपाशीच उभे होते. पानातली चटणी संपलेली दिसली तेव्हा त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि स्वतः वाढली.